खरेदीचे टेबल

महाराष्ट्रातल्या सरकारी दवाखान्यांसाठी औषधे कोणी विकत घ्यायची, या प्रश्नाचे उत्तर राज्याने सहा वर्षांत दोनदा बदलले. 2017 पर्यंत सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण हे विभाग आपापली खरेदी करत. त्या वर्षी ती परळच्या हाफकिन जीव औषध निर्माण महामंडळाकडे सोपवली गेली. 1975 साली स्थापन झालेल्या या महामंडळाची ख्याती पोलिओच्या लशीची. उत्तम आचारी आहे म्हणून त्यालाच बाजारहाटही सांगावा, तसा तो निर्णय होता. औषधे वेळेवर येत नाहीत ही तक्रार जिल्ह्याजिल्ह्यांतून वाढत गेली आणि 2023 मध्ये विधिमंडळाने कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण उभे केले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले. त्यांत 12 नवजात बालके होती. औषधटंचाईचा आरोप झाला, सरकारने तो नाकारला, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. सुनावणीत नव्या प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी कधी मिळणार, हाही विषय निघाला.

प्रश्न वर्मावर बोट ठेवणारा होता, पण तो एका खुर्चीपुरता राहिला. त्या खुर्चीखालच्या माणसांचे काय? सरकारी कचेरीत खरेदी हे पद नसते, ते ‘टेबल’ असते. आस्थापनेवरचा वरिष्ठ सहाय्यक बदलीने येतो, त्याच्याकडे खरेदीचे टेबल येते. आधीच्या माणसाने केलेली जुनी नस्ती, म्हणजे फाइल, समोर ठेवून तो नवी नस्ती तयार करतो. त्या नस्तीतल्या अटी का घातल्या होत्या, हे विचारायला आधीचा माणूस जागेवर नसतो. नियम सुधारण्याच्या चर्चा आपल्याकडे भरपूर होतात. त्या नियमांनी काम करणारे हात शिकलेले नसतील तर चांगला नियमही दोनपैकी एका वाटेने जातो. कोणी त्यातून पळवाट काढतो, कोणी त्यालाच मिठी मारून बसतो. दुसरी वाट कमी बदनाम आहे, पण औषधाचे शेल्फ रिकामे ठेवण्यात तिचा वाटा पहिलीपेक्षा कमी नाही.

सध्याची नियमपुस्तिका 1 डिसेंबर 2016 ची, उद्योग, ऊर्जा व कामगार विभागाच्या शासन निर्णयाने आलेली. त्याआधीचे वर्ष-दीड वर्ष दरकराराच्या, म्हणजे आधी ठरलेल्या दराने थेट खरेदी करण्याच्या, वादाने गाजले होते. फेब्रुवारी 2015 मध्ये महिला व बालविकास विभागाने एकाच दिवशी 24 शासन निर्णय काढून सुमारे 206 कोटींच्या खरेदीला मान्यता दिल्याचे प्रकरण विधिमंडळात आणि न्यायालयात गेले. पुढे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने त्यात क्लीन चिट दिली. सारा वाद दरकरार की ई-निविदा, एवढ्यावरच झाला. ई-निविदा जिंकली, आणि ते योग्यच झाले. पण पेटीऐवजी संकेतस्थळावर निविदा आली म्हणून मागणीचा आकडा बरोबर होत नाही, की विनिर्देश, म्हणजे वस्तू कशी हवी याचे तपशील, निर्दोष होत नाहीत. खरेदी बिघडते ती बहुधा निविदा निघण्याच्या आधी आणि पुरवठा आदेश गेल्यानंतर. नियमपुस्तिकेचे आणि दक्षता यंत्रणेचे डोळे मात्र मधल्या महिना-दोन महिन्यांवर खिळलेले असतात.

मागणीपासूनच सुरुवात करू. प्राथमिक आरोग्य केंद्राकडून वार्षिक मागणी मागवली की औषध निर्माण अधिकारी गेल्या वर्षीच्या आकड्यात 10 टक्के मिळवतो आणि पाठवतो. समजा, एका गोळीचा वर्षाचा वापर 9,000 आहे. पण त्या वर्षात चार महिने ती गोळी केंद्रात नव्हतीच. म्हणजे 9,000 गोळ्या आठ महिन्यांत संपल्या. महिन्याची खरी गरज 750 नाही, 1,125 आहे आणि वर्षाची 13,500. दहा टक्के वाढवून 9,900 मागितल्या तर यंदाही जवळपास तीन महिने टंचाई ठरलेली. ती टंचाई पुन्हा ‘कमी वापर’ म्हणून नोंदली जाणार आणि पुढच्या वर्षीच्या मागणीचा पाया होणार. पुन्हा मागणी कधी नोंदवायची हाही हिशेबच आहे. मागणीपासून माल येईपर्यंत पाच महिने लागत असतील आणि तीन महिन्यांचा राखीव साठा हवा असेल, तर 1,125 गुणिले 8, म्हणजे 9,000 गोळ्या शिल्लक असतानाच नवी मागणी जायला हवी. ‘संपत आल्यावर कळवा’ या पद्धतीत ती हजार गोळ्या उरल्यावर जाते. ई-औषधी प्रणालीत साठ्याच्या नोंदी आहेत. साठा शून्य असलेले दिवस वजा करून वापर काढायचा असतो, हे शिकवलेला माणूस त्या पडद्यासमोर बसवायला हवा. हे गणित सातवीचे आहे.

मग विनिर्देश, कचेरीच्या भाषेत ‘स्पेक्स’. औषधांच्या बाबतीत गुणवत्तेचे निकष ठरवून देणारा औषधकोश असल्याने इथे फारसा घोळ होत नाही, उपकरणांत होतो. वैद्यकीय अधिकाऱ्याला यंत्र वापरता येते, पण त्याची गरज कंपनीचे नाव न घेता शब्दांत मांडणे हे वेगळे कौशल्य आहे. ते नसल्यावर विक्रेत्याचे माहितीपत्रक समोर येते आणि त्यातली वजन-मापे जशीच्या तशी उतरतात. पडदा 15.6 इंचच हवा, वजन 7.2 किलोपेक्षा जास्त नको: असे दशांश दिसले की स्पेक्स कुठून आले हे बाजारातल्या पोरालाही कळते. दरवेळी त्यात पैसा असतो असे नाही. बऱ्याचदा लिहिणाऱ्याला दुसरे काही लिहिताच येत नसते. यंत्राने काय काम करायचे आहे, दिवसाला किती रुग्ण, वीज किती तास जाते, दुरुस्तीला माणूस किती तासांत यायला हवा: एवढे लिहिले तर पाच कंपन्या बसतात.

पात्रतेच्या अटींचेही तसेच. केंद्रीय दक्षता आयोगाने 2002 साली कामांच्या निविदांसाठी ढोबळ माप दिले: मागच्या तीन वर्षांची सरासरी उलाढाल अंदाजित किमतीच्या किमान 30 टक्के; अनुभव म्हणून 40 टक्के किमतीची तीन, 50 टक्क्यांची दोन किंवा 80 टक्क्यांचे एक काम. दोन कोटींच्या खरेदीला 50 कोटींची उलाढाल मागणारी अट दिसली, तर ती या मापाच्या 83 पट आहे एवढे तरी टिप्पणीत यावे. अट जितकी उंच तितका पुरवठादार चांगला, हा समज कचेऱ्यांत घट्ट आहे. प्रत्यक्षात अट उंच केली की स्पर्धक कमी होतात, आणि कमी स्पर्धकांना एकत्र बसून भाव ठरवणे सोपे जाते.

इथेच तीन निविदांचा रिवाज आडवा येतो. पहिल्या फेरीत तीनपेक्षा कमी निविदा आल्या की मुदतवाढ, मग फेरनिविदा. हेतू स्पर्धेचा, पण तीन हा आकडा बाजाराला माहीत झाला की बाजार तीन निविदा पुरवतो. एक खरी, दोन साथीला. दोन फेऱ्या वाया घालवण्यापेक्षा ‘सोबतीच्या’ निविदा आलेल्या टेबलालाही परवडतात. केंद्राच्या वित्त मंत्रालयाने 29 ऑक्टोबर 2021 च्या सूचनांमध्ये वेगळी वाट घेतली: खुली प्रसिद्धी नीट झाली असेल, अटी जाचक नसतील आणि भाव रास्त असेल तर एकच निविदा आली तरी ती वैध धरता येते, फेरनिविदेलाही खर्च असतो. राज्याने हा बदल स्वीकारावा. मात्र ‘भाव रास्त आहे’ हे कोण ठरवणार? त्यासाठी टेबलावरच्या माणसाला मागच्या खरेदीचा दर, शेजारच्या राज्याचा दर आणि जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरचा दर शोधून, प्रमाण आणि अंतर यांचा फरक काढून, दोन परिच्छेदांत लिहिता आले पाहिजे. हे येत नसेल तर तीन निविदा मोजण्याचा नियमच बरा, निदान तो सहीला सुरक्षित असतो. नियमातली सुधारणा आणि माणसाचे शिक्षण वेगळे करता येत नाही ते असे.

साथीच्या निविदा ओळखणे हेही शिकवण्यासारखे आहे. तीन निविदांचे दर एकमेकांपासून बरोबर 5 आणि 10 टक्क्यांच्या अंतरावर; बयाणा रकमेचे धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) एकाच शाखेचे, क्रमांक लागोपाठ; अर्जात शुद्धलेखनाची तीच चूक तिन्हीकडे; एकाच संगणकाच्या पत्त्यावरून दहा-दहा मिनिटांच्या फरकाने भरलेल्या फायली; तीन जिल्ह्यांत तीन वेगळे विजेते आणि हरणारे आलटून पालटून तेच. स्पर्धा कायदा 2002 मधले कलम 3(3) निविदेतले संगनमत स्पर्धेला मारक आहे असे गृहीतच धरते आणि भारतीय स्पर्धा आयोगाने खरेदी अधिकाऱ्यांसाठी अशा खुणांची तपासणी यादीही केली आहे. ‘ठेकेदारांनी रिंग केली’ हे वाक्य तालुक्याच्या चहाच्या टपरीवर रोज ऐकू येते. नस्तीत मात्र ते कधी उमटत नाही, कारण खुणा नोंदवायची पद्धत कोणी शिकवलेली नसते आणि नोंदवल्यावर पुढे काय, याचा रकाना नसतो.

एल-वनबद्दल, म्हणजे सर्वांत कमी दराच्या निविदेबद्दल, लोक भावनेने बोलतात. सर्वांत कमी दर म्हणजे सर्वांत वाईट माल, असे सरसकट नाही. पॅरासिटामॉलच्या गोळीला, प्रत्येक बॅचची तपासणी होणार असेल तर, सर्वांत कमी दर हीच योग्य कसोटी. यंत्राला ती चुकीची. कल्पनेतला हिशेब घ्या. एक यंत्र 20 लाखांना, सर्वसमावेशक देखभाल वर्षाला 2.4 लाख, दुसरे 23 लाखांना, देखभाल 1.4 लाख. सात वर्षांत पहिले 36.8 लाखांना पडते, दुसरे 32.8 लाखांना. निविदेत फक्त खरेदी किंमत मागितली तर पहिले जिंकते आणि हमीचा काळ संपल्यावर बंद पडून कोपऱ्यात जाते, कारण देखभालीची तरतूद वेगळ्या लेखाशीर्षात असते आणि ती मिळत नाही. आर्थिक लिफाफ्यात सात वर्षांची देखभाल धरून एकच आकडा मागायला कोणताही कायदा आडवा येत नाही. केंद्राच्या 2021 च्या त्याच सूचनांनी कामे आणि सल्लागारेतर सेवांसाठीही गुणवत्तेला कमाल 30 टक्के भार द्यायला मुभा दिली. ती तशीच उचलण्याबद्दल आमचे मत सावध आहे. गुण देण्याचे अधिकार न शिकलेल्या समितीच्या हाती गेले तर एल-वनची आंधळी तटस्थता जाऊन तिथे डोळस पक्षपात येईल. देखभालीसह किंमत आधी, गुणांची पद्धत नंतर, आणि तीही समितीतल्या प्रत्येकाने गुणांमागचे कारण स्वतःच्या हाताने लिहायचे या अटीवर.

पुरवठा आदेश निघाला की नस्तीतला रस संपतो. माल आला, भांडारपालाने नग मोजून नोंदवहीत घेतले, झाले. बॅच क्रमांक, उरलेले आयुष्य, वाहतुकीतले तापमान यांची तपासणी कोणाच्या नावावर आहे ते ठरलेले नसते. उशिराला साधारणपणे आठवड्याला अर्धा टक्का आणि कमाल 10 टक्के दंडाची अट करारात असते, पण तो लावायला पुरवठ्याची तारीख वादातीत हवी. पुरवठादाराचे पत्र आवक-बारनिशीत, म्हणजे आलेल्या टपालाच्या नोंदवहीत, चार दिवस उशिरा चढले की दंड गेला. उलट बाजूही आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे 45 दिवसांत द्यायला हवेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, असे 2006 चा कायदा सांगतो. महाराष्ट्रात देयके किती महिने थकतात हे जलजीवनच्या ठेकेदारांना विचारावे. पैसे आठ महिन्यांनी मिळणार हे माहीत असलेला पुरवठादार आठ महिन्यांचे व्याज दरात आधीच मिळवतो, आणि ज्याच्याकडे आठ महिने थांबायची ताकद नाही तो निविदाच भरत नाही. म्हणजे वेळेवर देयक ही ठेकेदारावरची मेहेरबानी नसून स्पर्धा वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. केंद्राने कामांच्या चालू देयकांपैकी किमान 75 टक्के रक्कम दहा कामकाजाच्या दिवसांत देण्याचे बंधन घातले; राज्याने निदान औषधांपुरते तसे करावे. त्यासाठी बीम्स या राज्याच्या निधीवाटप प्रणालीवर निधी आदेशाआधी राखून ठेवावा लागेल. 31 मार्चला कोषागारात गर्दी करून निधी व्यपगत होण्यापासून वाचवायचा आणि त्या घाईत काय आले ते एप्रिलमध्ये उघडून पाहायचे, हा जो वार्षिक सोहळा आहे, त्याला मग आपोआप आळा बसेल.

तामिळनाडूचे उदाहरण इथे नेहमी दिले जाते, पण अर्धेच. 1994 साली तिथे वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन झाले, 1995 पासून खरेदी सुरू झाली. आपल्याकडे त्यातले ‘केंद्रीय संस्था’ एवढेच उचलले गेले. तिथले खरे काम जिल्हा गोदामांत होते. प्रत्येक संस्थेला पासबुक, त्यात तिच्या हिश्शाची रक्कम. आरोग्य केंद्र लागेल ते औषध लागेल तेव्हा गोदामातून उचलते आणि पासबुकात रक्कम वजा होते. आलेल्या मालाचे नमुने कंपनीचे नाव झाकून, सांकेतिक क्रमांक देऊन प्रयोगशाळेत जातात. निकाल चांगला आल्याशिवाय तो माल बाहेर पडत नाही. कोणते केंद्र काय उचलते हे रोज दिसत असल्याने पुढच्या निविदेचा आकडा अंदाजाने काढावा लागत नाही. निविदा हा या साखळीचा एक दुवा आहे, आणि साखळीच्या प्रत्येक दुव्यावर तेच काम वर्षानुवर्षे करणारा माणूस आहे.

आता माणसांकडे. राज्याच्या 2005 च्या बदली कायद्यानुसार एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा. मागणीपासून शेवटच्या देयकापर्यंत एका मोठ्या खरेदीला वर्ष-दीड वर्ष लागते. म्हणजे माणूस एक चक्र चुकत शिकतो, दुसरे बरे करतो आणि तिसरे सुरू व्हायच्या आत पाणीपुरवठ्याच्या टेबलावर जातो. बदल्यांमागचा हेतू हितसंबंध जमू नयेत हा आहे आणि तो खोटा नाही. पण ठेकेदार बदलत नाही. वीस वर्षे तेच काम करणाऱ्या पुरवठादारासमोर आपण दर तीन वर्षांनी नवशिका बसवतो आणि त्याला भ्रष्टाचारावरचा उपाय म्हणतो. जागा बदला, काम बदलू नका: सोलापूरहून लातूरला पाठवा, पण खरेदीतच ठेवा. भारतीय रेल्वेत भांडाराचे काम दशकानुदशके त्याच शाखेचे अधिकारी करत आले आहेत. बदली मंडळातून मंडळात होते, व्यवसाय तोच राहतो.

राज्याने खरेदीचा असा संवर्ग करावा, आणि तो नव्या भरतीतून करण्याची गरज नाही. औषध निर्माण अधिकारी, लेखा सेवेतले सहाय्यक, अभियांत्रिकी शाखांतले कनिष्ठ अभियंते यांच्यातून परीक्षेने निवड करावी. प्रशिक्षण तीन पायऱ्यांचे असावे. पहिली पायरी टेबलावर बसण्याआधी, सहा आठवड्यांची: मागणीचे गणित, दराची चौकशी, विनिर्देश लिहिणे, निविदेची मुदत (केंद्राच्या 2017 च्या वित्तीय नियमांत ती साधारणपणे किमान तीन आठवडे आहे, सात दिवसांच्या ‘अल्प मुदती’ची सवय मोडावी लागेल), करार आणि देयक. हे व्याख्यानांनी शिकवू नये. यशदा या राज्याच्या प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेत किंवा विभागीय प्रशिक्षण संस्थेत नावे झाकलेल्या खऱ्या वीस नस्त्या द्याव्यात आणि प्रत्येकीतली चूक शोधायला लावावी. सध्याच्या दोन दिवसांच्या वर्गात शासन निर्णय पडद्यावर वाचून दाखवले जातात, चहा होतो आणि प्रमाणपत्र मिळते. वाचता तर सगळ्यांनाच येते. दुसरी पायरी वर्षभर अनुभवी माणसाच्या हाताखाली. तिसरी परीक्षा, आणि तिच्याशी जोडलेली आर्थिक मर्यादा: पहिली पायरी पार केलेल्याने 10 लाखांपर्यंतची नस्ती सादर करावी, तिसरी पार केल्याशिवाय कोटीच्या नस्तीला हात लावू नये. खरेदी समितीच्या अध्यक्षस्थानी बसणाऱ्या अधिकाऱ्यांनाही निदान तीन दिवस बसवावे. बाकीचे सगळे शिकले आणि सही करणाराच शिकला नाही, तर शिकलेल्याची टिप्पणी ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन परत येते.

कायदाही हवा. तामिळनाडूने 1998 मध्ये, कर्नाटकाने 1999 मध्ये, राजस्थानने 2012 मध्ये सार्वजनिक खरेदीचा कायदा केला. केंद्राचे 2012 चे विधेयक 2014 मध्ये लोकसभेबरोबर संपले. महाराष्ट्र अजून मुंबई वित्तीय नियम 1959 आणि शासन निर्णयांवर चालतो. शासन निर्णय शुद्धिपत्रकाने बदलता येतो, पूरकपत्राने ताणता येतो, आणि डावललेल्या निविदाकाराला दाद मागायला उच्च न्यायालयाखेरीज जागा राहत नाही. महिनाभरात निकाल देणारे अपील प्राधिकरण कायद्यात असले तर बरेच वाद तिथेच संपतील.

राहिली भीती. 2018 च्या दुरुस्तीने भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातून ते कलम गेले, ज्यात हेतू नसतानाही दुसऱ्याचा फायदा झाला एवढ्यावर अधिकारी अडकू शके. चौकशीआधी मंजुरीची तरतूदही आली. तरी टेबल घाबरतेच, कारण त्याची भीती तुरुंगाची नसून लेखाआक्षेपाची आहे. जिल्हा परिषदेत लेखापरीक्षा अहवालातला दहा वर्षांपूर्वीचा आक्षेपाचा परिच्छेद निवृत्तीच्या वेळी समोर येतो आणि निवृत्तिवेतन अडकते. तो परिच्छेद ‘तीनऐवजी दोन निविदांवर खरेदी केली’ असा असतो. ‘निविदा पाच महिने रखडवल्यामुळे केंद्रात चार महिने इन्सुलिन नव्हते’ असा आक्षेप कोणाच्याही निवृत्तीच्या आड आलेला नाही. स्थानिक निधी लेखापरीक्षेच्या तपासणी नमुन्यात दोन रकाने वाढवावेत: मागणी नोंदवल्यापासून माल शेल्फवर येईपर्यंत किती दिवस लागले, आणि त्या काळात साठा किती दिवस शून्य होता. दोन्ही आकडे ई-औषधीत आजही निघतात.